एकसष्ट किलो गूळ

जनवाडा,
६ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुश्री हिस उद्धवमामाचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून मामाला पत्राची हुक्की कशी आली, असं म्हणशील. आपल्या घरचा फोन हल्ली मोठ्यानेच बोलतो. कानाला लावला की मुका होतो. परवा तुझी आई त्यावरून मला म्हणाली, "उद्धवा, पोट लै सुटलंय की रे तुजं," ते अख्ख्या गल्लीने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी न्हाव्यानेही विचारलं. तू बिदरच्या होस्टेलात होतीस तेव्हा आपण पत्रंच लिहायचो. तेच बरं.

काम असं आहे. मला घरच्या घरी व्यायाम सुरू करायचा आहे. डॉक्टरांनी सांगितलं आहे. कोणतं साधन घ्यावं ते तू शिकली-सवरलेली मुलगी, तू सांग. बिदरला एका दुकानात जाऊन आलो. तिथे पळायचा पट्टा आहे, जागच्या जागी चालणारी सायकल आहे, डंबेल्स आहेत आणि दाराच्या कडीला अडकवून ओढायचं रबरही आहे. प्रत्येक वस्तूपाशी उभा राहिलो की दुकानदार म्हणायचा, "अण्णा, तुमच्यासाठी हेच." चारही वस्तू एकाच माणसासाठी कशा असतील?

वैशाखाच्या आत अंगात ताकद आली पाहिजे. वैशाखच का, ते विचारू नकोस.

तुझा,
उद्धवमामा

(मागच्या बाजूला, पेन्सिलीने)
मंजू, मी मामी. पत्र पोस्टात मीच टाकते म्हणून लिहायले. डॉक्टर-बिक्टर कोन न्हाई. वैशाखात तुजं लगीन. नवरीला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मामानं उचलून आणायचं असतंय ना, त्याची ह्यांना काळजी लागलीय. तुज्या ताईच्या, सुधारानीच्या लग्नात काय झालं तुला ठावं हाय. ते अजून झोपेत "खुर्ची, खुर्ची" म्हणतेत. मी लिवलं म्हणून सांगू नको.


कलबुर्गी,
१४ नोव्हेंबर २०२४

ती. मामांस सा. न.

पत्र मिळालं. होस्टेलच्या रुद्रम्मा अक्कांनी ते दोन दिवस जपून ठेवलं होतं. त्यांना वाटलं, रविकुमारचंच आहे. "लगीन ठरल्यावर पण चिठ्ठ्या?" म्हणून मला डोळे मिचकावले. पाठवणाराचं नाव वाचून बिचाऱ्या फार खट्टू झाल्या.

वैशाख का, ते मी मुळीच विचारत नाही. पण साधन निवडायचं तर तीन गोष्टी सांगा. कशासाठी ताकद हवी, चालायला की काही उचलायला? घरात जागा किती? आणि रोज करणार, की चार दिवसांनी त्याच्यावर टॉवेल वाळत घालणार? आमच्या दूध तपासणीच्या लॅबमधल्या मॅडमकडे पट्टा आहे, त्याच्यावर आता लोणच्याच्या बरण्या असतात. तेव्हा घाईने काही घेऊ नका. पळायचा पट्टा तर नकोच. तुमच्याकडची वीज मध्येच जाते, आणि तुम्ही त्यावर असताना ती गेली तर मला लग्नाआधी हॉस्पिटलात यावं लागेल.

तुमची,
मंजुश्री


जनवाडा,
२८ नोव्हेंबर २०२४

चि. मंजुश्री हिस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच सायकल घेतली. झालं ते झालं.

सायकल उत्तम आहे. पण एक दोष निघाला. ती ओसरीवर ठेवली, त्यामुळे येणारा-जाणारा तिच्यावर बसतो. पूर्वी लोक चहाला यायचे आणि दहा मिनिटांत उठायचे. आता पाय मारत तासभर बसतात. मारुतीचे पुजारी चनमल्लप्पा तर रोज सकाळी पूजा उरकून येतात आणि म्हणतात, "हुमनाबादपर्यंत जाऊन येतो." परवा त्यांनी घामाघूम होऊन मला विचारलं, "कुठवर आलो असन मी?" मला पाळी मिळते ती दुपारी, आणि दुपारी मला झोप येते.

तू विचारलंस म्हणून सांगतो, ताकद उचलायला हवी आहे. काय उचलायचं, ते विचारू नकोस.

तुझा,
उद्धवमामा

(मागच्या बाजूला)
मंजू, चनमल्लप्पाचं पोट खरंच उतरलं. ह्यांचं हाय तसंच. दिवाळीला धनराज आला होता, तुज्या आईचा चुलतभाऊ, त्यो उमरग्याचा जिमवाला. दंड दाखवत म्हनला, "दादाला ह्या वयात कशाला तरास? मंजूला मी उचलतो, एका हातानं." तुजी आई बी म्हनली, "व्हय, तसंच करू." हे हासले सगळ्यात. मग आत येऊन जेवले न्हाईत.


कलबुर्गी,
६ डिसेंबर २०२४

ती. मामांस सा. न.

चनमल्लप्पा हुमनाबादहून सुखरूप परतले का?

मामा, सायकलने मांड्या होतात. उचलायला लागते कंबर, पाठ आणि दंड. आता तुम्हाला काय उचलायचं आहे हे मला कुठून कळणार? पण समजा एखादं पोतं-बितं असेल, तर माणसाने पोतंच उचलावं. जे काम करायचं, तेच थोडं थोडं रोज केलं की अंग त्याला सरावतं. दुकानातलं डंबेल धरायला सोयीचं असतं. खरी वस्तू अवघडच असते. पाठ सरळ ठेवा, गुडघ्यातून उठा आणि आधी हलकंच घ्या.

आणि एक सांगते. मला घरातल्या कुणाच्याही दंडाचं कौतुक नाही.

तुमची,
मंजुश्री


जनवाडा,
२० डिसेंबर २०२४

चि. मंजुश्री हिस आशीर्वाद.

पोत्याची कल्पना मला आधीच सुचली होती, पण तूही तेच म्हणालीस याचा आनंद आहे. हल्ली युरियाचं पोतं घेऊन परड्यात फेऱ्या मारतो. पण युरियाचं पोतं पंचेचाळीसाचं. आता मला हव्या असलेल्या वस्तूचं वजन पंचेचाळीस आहे, की साठ, की त्याहून जास्त, हे नक्की कळायला नको का? आणि ते तोंडावर विचारणं बरं दिसत नाही. म्हणजे पोत्याला.

ते असो. एक महत्त्वाचं. तू तीन वर्षांची असताना तुला गोवर निघाला होता. तेव्हा मी मारुतीला नवस बोललो होतो की पोर बरी झाली तर तिची गूळतुला करीन. तो राहूनच गेला. लग्नाआधी नवस फेडलेला बरा. पुढच्या महिन्यात एका रविवारी ये. मामीची पैठणी नेसायची आणि तिचे सगळे दागिने घालायचे. नवरीसारखं तयार होऊन बसायचं, असाच नवस होता.

तुझा,
उद्धवमामा

(मागच्या बाजूला)
नवस पाच नारळांचा होता. तवाच फेडलाय. तरी ये.


कलबुर्गी,
१४ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. न.

तिळगूळ घ्या, गोड बोला. गूळ तुमच्याकडे भरपूर आहेच.

रविवार आठवून मला अजून हसू येतं. अडतवाल्याकडून आणलेला तो तुरीचा काटा, एका पारड्यात मी, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. चनमल्लप्पा ओरडतायत, "साकु, उद्धवराव, साकु! पुरे झाला!" आणि तुम्ही पारडं बरोबर मध्यावर आल्याशिवाय ऐकत नाही. गावातल्या एवढ्या बायकांपुढे तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात "६१" लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्यात, ते मात्र मी विसरणार नाही. त्यातले दोन किलो मामीच्या दागिन्यांचे आणि पैठणीचे आहेत हे निदान चंद्रम्मा काकूंना तरी सांगा. त्या मला "खात्या घरची हाय" म्हणाल्या.

एक विचारू? नवसाचा गूळ देवळात वाटतात. तुम्ही तो पोत्यात भरून, तोंड शिवून घरी कशाला नेलात?

तुमची,
मंजुश्री


जनवाडा,
२ मार्च २०२५

चि. मंजुश्री हिस आशीर्वाद.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही, कारण व्यायामातून सवड नाही. गूळ लग्नातच वाटणार आहे, तोवर घरात सुरक्षित आहे.

मंजू, मामा आता पूर्वीचा राहिला नाही. तुझ्या सल्ल्याप्रमाणे रोज पहाटे पाचला एक पोतं उचलतो. कशाचं ते विचारू नकोस, पण बरोबर एकसष्ट किलोचं आहे. त्याला मामीचं जुनं रेशमी लुगडं गुंडाळलं आहे. नुसतं पोतं हाताला धरवतं आणि लुगडं निसटतं, तेव्हा सवय निसटत्याचीच हवी. पहिल्या आठवड्यात ते जमिनीवरून हलेना. जानेवारीच्या शेवटी गुडघ्यापर्यंत आलं. आता खांद्यावर येतं. परवा मारुतीपासून घरापर्यंत बावन्न पावलं नेलं. लग्न तुमच्या घरी, आपल्या इकडच्या कल्याणला; तिथेही देवळापासून तुमच्या दारापर्यंत बावन्नच होतात, मी मोजून आलो आहे. काल तर ते हातात घेऊन चनमल्लप्पांशी बाजारभावावर बोलत उभा होतो. गुळाला मुंग्या लागल्या आहेत आणि त्या मानेवर चावतात, एवढाच त्रास.

माझ्या अंगात एवढी ताकद कुठून येते आहे, मलाच कळत नाही.

तुझा,
उद्धवमामा

(मागच्या बाजूला)
मला कळतंय. मंजू, देवाचा गूळ असा लुगड्यात बांधून नाचवायचा म्हंजे पाप. म्हणून मी येईल त्याच्या हातावर परसाद म्हणून खडा ठेवायले. पोतं चपटं दिसू नये म्हणून वरून तुरीचा भुसा कोंबायले. दोन महिन्यांत लै लोक आले. काल चोरून तागडीवर घातलं, अडतीस भरलं. आता काय करू? खरं सांगितलं तर माणूस खचंल. आन् चंद्रम्मानं पहाटे लांबनं बघितलं. उद्धवराव रेशमी लुगड्यातली बाई खांद्यावर टाकून जायलेत म्हणून गावभर सांगायली.


कलबुर्गी,
१० मार्च २०२५

प्रिय मामी,

हे पत्र चनमल्लप्पांच्या पत्त्यावर पाठवते आहे, मामांच्या हाती लागू नये म्हणून.

मामांना काही सांगू नकोस. जसा गूळ काढलास, तशी आता ज्वारी घाल. दर तिसऱ्या दिवशी एक शेर, जास्त नाही. भुसा थोडा थोडा काढत जा. वैशाखापर्यंत पोतं परत एकसष्टवर येईल आणि मामांची ताकदही खरीच तेवढी होईल. त्यांना कळणारही नाही.

मोजून घाल हं. चंद्रम्मा काकूंना सांग की ती बाई म्हणजे मीच.

तुझी,
मंजू


जनवाडा,
२२ एप्रिल २०२५

चि. मंजुश्री हिस आशीर्वाद.

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. चार कागद फाडले.

मंजू, माझी ताकद उतरणीला लागली आहे. दीड महिन्यापूर्वी मी जे पोतं हातात घेऊन गप्पा मारत होतो, तेच आता छातीपर्यंत आणताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. पोतं तेच, लुगडं तेच. काटा परत केला आणि नवसाचं पुन्हा मोजू नये म्हणतात, म्हणून मोजलं नाही. पण मोजायचं काय त्यात? ते वाढणार थोडंच आहे? मीच कमी होतो आहे. दूध वाढवलं, खारीक सुरू केली. परवा विसाव्या पावलावर पोतं खाली ठेवलं. सुधारानीला एकोणिसाव्याला ठेवलं होतं. एवढ्या पाच-सहा महिन्यांची कमाई एक पाऊल.

आता लपवण्यात अर्थ नाही. हे सगळं तुला मांडवात न्यायचं म्हणून चाललं होतं. तुला आश्चर्य वाटेल, पण ते खरं आहे. सुधारानीच्या लग्नात मी तिला मध्येच प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवलं आणि चौघांनी ती खुर्ची उचलून नेली. लोक हसले. ती हसली नाही. फोटोत बघ, ती रडते आहे. माझं हसं झालं त्याचं मला काही नाही, पण पोरीच्या डोळ्यांत पाणी यायला नको होतं. तुझ्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. तू पहिलीत असताना आमच्याकडे होतीस. पाऊस झाला की तुला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडायचो. एकदा तरी तुला पुन्हा तसं न्यावं, एवढीच इच्छा होती.

तुझ्या आईला कळव, मान धनराजला द्या. मी अक्षता टाकीन.

उद्धवमामा

(मागच्या बाजूला)
मंजू, दोन रात्री झोपले न्हाईत. आन् एक घोळ झालाय. ज्वारी घातली का न्हाई ध्यानात राहीना, म्हणून शंका आली की परत घालायले. माप बी शेराचं का अडीशेराचं, आता सांगता येत न्हाई.


कलबुर्गी,
२६ एप्रिल २०२५

मामा,

या वेळी नमस्कार नाही, मी रागावले आहे.

धनराजमामांनी मला उचललं तर मी त्यांच्या हातातून उडी मारीन, आणि तुम्ही मला ओळखता. आईला फोन करून सांगितलं आहे: उद्धवमामा नाहीत, तर मी देवळापासून एकटी चालत येईन. आई म्हणाली, "बरं बाई, तुज्या मामाच्या त्या मोठ्यानं बोलणाऱ्या फोनवर हायस का तू?" मी म्हटलं, नाही, हा माझा फोन आहे, पण तू कबूल कर. तिने कबूल केलं.

ओढा ओलांडताना तुम्ही माझं वजन केलं होतं का? मग आता कशाला करता? विसाव्या पावलावर दम लागला तर मला खाली ठेवा, आपण दोघं पायरीवर बसू, पाणी पिऊ आणि परत निघू. वऱ्हाड थांबेल. रविकुमारला मी सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, "मी पण बसतो तुमच्याजवळ."

पोतं जड लागो की हलकं, रोज उचला. शेवटच्या दिवसापर्यंत. एवढं माझ्यासाठी करा.

मंजुश्री


कलबुर्गी,
१ जून २०२५

ती. मामांस सा. न.

लग्न होऊन दोन आठवडे झाले, तरी इथे सासरी त्याचीच चर्चा आहे. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "तो मामा काय म्हणत होता हो?" म्हणून तुम्हाला सगळं सांगून टाकायची वेळ आली आहे.

मारुतीपाशी तुम्ही डोळे मिटलेत, धोतर खोचलंत, आणि मला असं काही उचललंत की माझं बाशिंग वर उडालं. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता हसाल. तर तुमचा चेहराच उतरला. कानात म्हणालात, "मंजे, एवढी वाळलीस कामून? काय दुखतंय तुला? घरात खायला घालेनात का?" मी म्हणत होते, मामा, मी ठीक आहे. पण वाजंत्रीत ऐकू जातंय कुणाला! बावन्न पावलं तुम्ही जवळजवळ पळत संपवलीत. धनराजमामा प्लास्टिकची खुर्ची घेऊन मागे धावत होते, "दादा, खुर्ची! दादा, खुर्ची!" मांडवाच्या दारात भटजी म्हणाले, "ठेवा खाली." तुम्ही ठेवलंत? तसेच पुढे गेलात. अंतरपाट ओलांडलात, पाहुण्यांच्या रांगा ओलांडल्यात आणि मला थेट आचाऱ्याच्या चुलीपाशी नेलंत. तिथे रडत ओरडलात, "लगीन मागनं होतंय! ह्या पोरीला आधी जेवायला वाढा!"

मुहूर्ताला चार मिनिटं होती आणि मी चुलीजवळ बसून शिरा खात होते. रविकुमार हार घेऊन शोधत आला, तर तुम्ही त्यालाही वाटी दिलीत. धनराजमामा शेवटी त्या खुर्चीवर स्वतःच बसले.

मामा, मी वाळलेले नाही. दागिने धरून मी तेव्हासारखी एकसष्टच होते, उलट लग्नातला शालू जड म्हणून बासष्ट. आधी वाळलं आणि मग फुगलं ते तुमचं पोतं. मामीने आधी गूळ प्रसाद म्हणून वाटला, तेव्हा ते अडतीसवर आलं आणि तुम्हाला वाटलं, ताकद वाढली. मग मी ज्वारी घालायला सांगितली आणि मामीने जरा जास्त घातली, तेव्हा तुम्हाला वाटलं, ताकद गेली. लग्नानंतर मी तिला पोतं मोजायला लावलं. चौऱ्याहत्तर किलो भरलं. विसाव्या पावलावर तुम्ही जे खाली ठेवत होतात, ते माझ्याहून जड होतं. तरी तुम्ही रोज उचलत राहिलात.

दोष माझा. मामीला बोलू नका. आणि एक: फोटोत मी रडते आहे, पण ते हसून हसून.

तुमची,
मंजुश्री


जनवाडा,
९ जून २०२५

चि. सौ. मंजुश्री हिस मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मामीशी तीन दिवस बोललो नाही. चौथ्या दिवशी तिने त्याच ज्वारीची भाकरी वाढली. गुळाचा वास लागलेली, गोडसर. दोन खाल्ल्या, तिसरी मागायला बोलावंच लागलं.

तर म्हणे एकसष्टच होतीस. मला नाही पटत. काटा खोटं बोलत नसेल, पण हातांनाही काही कळतं. ओढा ओलांडताना लागायचीस तेवढीच लागलीस.

सायकल चनमल्लप्पांना देवळाच्या ओसरीवर ठेवायला दिली. ते आता गाणगापूरपर्यंत जातात म्हणे. धनराजचा फोन आला होता. ज्वारी कोणती, असं विचारत होता.

मागची बाजू मुद्दाम कोरी सोडली आहे. पत्रांमागे लिहीत होते, हे मामीने आता कबूल केलं; इतके दिवस पत्राचा मागचा भाग मी बघितला नाही, हा माझाच गाढवपणा. आता तिला उघड लिहू दे.

तुझा,
उद्धवमामा

(मागच्या बाजूला, शाईने)
मंजू, पोतं रिकामं केलं, लुगडं धुऊन ठिवलं. तरी हे पहाटे पाचला उठतेत आन् परड्यात हात मोकळे सोडून उगंच हुबं राहतेत. बघवंना मला. पंचमीला माहेरपणाला आधी इकडं ये, मग कल्याणला जा. अडतवाल्याचा काटा आत्ताच सांगून ठिवलाय ह्यांनी. बासष्टाच्या वर भरलीस तर जावई तुला परत नेतील. खाली भरलीस तर न्हाई.